ड्रीमकॅचर, वारली आणि तंबाखूची पुडी

विषय: जूनमधली मुलांची कार्यशाळा
प्रेषक: बालवर्ग

नमस्कार मंडळी,
२१ जूनला कॅनडात राष्ट्रीय मूळनिवासी दिन असतो. त्या आठवड्यात आपल्या मराठी मंडळाच्या बालवर्गात ड्रीमकॅचर (वाईट स्वप्नं अडवणारं जाळीचं कडं) करावेत म्हणते. कड्या, लोकर, मणी, पिसं मी आणते. गोष्ट सांगायला अनिशिनाबे या इथल्या मूळनिवासी समाजातल्या एका आज्जींना बोलवायचंय, अजून विचारलेलं नाही. शेवटी त्यांना शाल, श्रीफळ आणि मुलांनी केलेला सगळ्यात सुबक ड्रीमकॅचर द्यावा. कोणाची हरकत नसेल तर सामान मागवते.

उत्तर: जूनमधली मुलांची कार्यशाळा
प्रेषक: ग्रंथालय

हरकत आहे गं, रागावू नकोस.
ज्यांची वस्तू त्यांनाच आपण लोकरीची नक्कल देणार? आपल्याकडे पाहुण्या आलेल्या मुलांनी प्लास्टिकच्या मण्यांचं मंगळसूत्र ओवून तुझ्या हातात ठेवलं, तर तू हसून घेशील, पण घरी गेल्यावर काय म्हणशील?

ड्रीमकॅचर ओजिब्वे लोकांचा, म्हणजे अनिशिनाबेंपैकीच. त्यांच्या भाषेत त्याला शब्द आहे तोच आठ पायांच्या कोळ्याला. वाळुंजाच्या ओल्या डहाळीचं कडं, आत कोळ्याच्या जाळ्यासारखी वीण, आणि जागा तान्ह्या बाळाच्या डोक्यावर. आपलं चिमणाळं आणि दृष्टीचा मणी एकाच दोऱ्यात ओवल्यासारखं. गाड्यांच्या आरशांना तो लटकू लागला ते फार नंतर.

त्यांच्यातही सगळ्यांचं मत एक नाही. काही कलाकार आवडीने शिकवतात. पण तिथे शिकवणारं माणूस त्यांचं असतं आणि मानधनही त्यालाच मिळतं. आपण यूट्यूब बघून शिकवणं वेगळं. (आणि कागदी पिसांचे मुकुट कोणाच्या डोक्यात असतील तर ते आत्ताच काढा. ती पिसं कमवावी लागतात.)

उत्तर: उत्तर: जूनमधली मुलांची कार्यशाळा
प्रेषक: एक जुना सभासद

पोरांचा खेळ आहे, त्याचं एवढं मोठं काय करता? आदरानेच करतोय ना? दिवाळीला मंडळाने मगांवर वारली छापली तेव्हा या यादीवर कोणी चकार शब्द काढला नाही. मी तर चार मग घेतले.

उत्तर: उत्तर: उत्तर: वारली मग
प्रेषक: ग्रंथालय

काका, बोलायला हवं होतं. माझं माहेर डहाणूचं, सगळ्यात आधी मीच बोलायला हवं होतं.

आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींच्या घरी लग्न होतं, तिथे मी चौक, म्हणजे लग्नातलं भिंतीवरचं चौकोनी चित्र, काढताना पाहिलाय. गेरूने सारवलेली कुडाची भिंत, वाटीत तांदळाचं पीठ कालवलेलं, आणि चावून टोक मऊ केलेली बांबूची काडी. सवाष्णी चौक काढतात, मधे पालघाट देवी येते, लग्न लावणारी धवलेरी गाणी म्हणते. ते नुसतं भिंतीवरचं चित्र नसतं, ती लग्नातली देवी असते. जिव्या सोमा म्हशे यांनी ही कला कागदावर नेली, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. म्हणजे विकायला वारल्यांची ना नाही. पण आपल्या मगावरचा तारपा (वारल्यांचं फुंकून वाजवायचं वाद्य) आपण इंटरनेटवरून उचलला. एकाही वारली हाताला त्यातला पैसा गेला नाही.

इथे इनुइट, म्हणजे उत्तर ध्रुवाकडच्या मूळनिवासींच्या, शिल्पांवर १९५८ पासून इग्लूचं चिन्ह लावतात, खरी कुठली ते कळावं म्हणून. खरेदी करायचीच तर असं काही बघून, नाहीतर थेट कलाकाराकडून करू. मुलांना आकाशकंदील करू द्या. कामट्या, खळ, करंज्यांच्या पाकळ्या. आज्जींना तो द्या, तो आपला आहे.

शालही चालेल. पण आधी तंबाखू.

उत्तर: तंबाखू??
प्रेषक: एक जुना सभासद

मंडळाच्या पैशाने? चुन्याची डबी पण द्यायची का बरोबर?

उत्तर: उत्तर: तंबाखू??
प्रेषक: ग्रंथालय

हसा. अनिशिनाबेंमध्ये तंबाखू पवित्र. ज्येष्ठांकडे काही मागायचं, तर सुती कापडाच्या चौकोनात सुटी तंबाखू बांधून पुढे करायची आणि विनंती सांगायची. त्यांनी पुडी घेतली म्हणजे विडा उचलला. म्हणून ती सत्काराच्या पिशवीत शेवटी कोंबायची नाही, बोलवायला जातानाच न्यायची. मानधन वेगळं, ते पाकिटात. मात्र हे सगळीकडे सारखं नाही, इनुइटांकडे ही रीत नाही. म्हणून आज्जींच्या मुलीला आधी फोन करून विचारू.

उत्तर: उत्तर: उत्तर: तंबाखू??
प्रेषक: एक जुना सभासद

बरं.
व्हँकुव्हरला असताना मी अलर्ट बे या तिकडच्या गावी गेलो होतो. तिथे मुखवट्यांचं संग्रहालय आहे. तिथल्या मूळनिवासींचा पॉटलॅच म्हणजे यजमानाने पाहुण्यांना मनसोक्त देण्याचा सोहळा. सरकारने १८८५ पासून १९५१ पर्यंत त्यावर बंदी घातली. १९२१ मध्ये धाड घातली, लोकांना तुरुंगात टाकलं, मुखवटे जप्त केले. त्यातले पुष्कळ आता परत आलेत. दिल्याबद्दल तुरुंग, हे तेव्हा डोक्यात शिरलं नव्हतं. मुखवट्याचा एक चुंबक मात्र घेऊन आलो होतो, विमानतळावरून. फ्रिजवर आहे अजून. मागे 'मेड इन' कुठलं ते वाचलं आत्ता. असो.

आज्जींकडे जाताना गाडी मी काढतो.

उत्तर: तंबाखू, हिशेब
प्रेषक: खजिनदार

पावती कशात धरू? 'पाहुणे' की 'किरकोळ'?

उत्तर: उत्तर: तंबाखू, हिशेब
प्रेषक: बालवर्ग

'पूजासाहित्य'. आणि पिसांची ऑर्डर रद्द केली आहे.