दुसरं मूल: शेवटचा शब्द कोणाचा?

रानजाई
'आता दुसऱ्याचं मनावर घ्या' हे ऐकवतात दोघांना, पण नोकरी सोडायची वेळ येते बाईवरच. माझं मत स्पष्ट आहे: जिचं शरीर, झोप आणि बढती पणाला लागते तिने 'नको' म्हटलं की विषय संपला पाहिजे. २०१९ च्या सरकारी वेळ-वापर पाहणीत आपल्याच घरचं काम करणाऱ्या बायकांची त्यात रोजची २९९ मिनिटं जात होती, पुरुषांची ९७. ही वाटणी तशीच ठेवून याला 'दोघांचा निर्णय' म्हणायचं?

माळरान
नाही पटलं. मूल बापाचंही असतं. मला दुसरं हवं होतं, बायकोला नको होतं. थांबलो, पण सल राहिला आणि तो बोलायचीही चोरी. पुरुषाची इच्छा म्हणजे लगेच दडपशाही?

रानजाई
इच्छा जरूर बोला, सोबत रात्री कोण उठणार तेही बोला. डोपके आणि किंडरमन या अर्थतज्ज्ञांना युरोपात हेच दिसलं: दोघांपैकी एकाचा नकार असला की मूल सहसा होत नाही, आणि जिथे बाप मुलांचं कमी करतात तिथे नकार बायकांकडून जास्त येतो.

कडूलिंब
तुम्ही दोघं पगारदार घरांचंच बोलताय. मी गावच्या दवाखान्यात काम करते. इथे बाईच्या 'नको'ला विचारतं कोण? दोन मुली झाल्या तर मुलासाठी ऑपरेशन लांबवायचं, मुलगा झाला की ऑपरेशन तिचंच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) विवाहित जोडप्यांत कुटुंबनियोजनासाठी स्त्री-नसबंदीचं प्रमाण ३७.९ टक्के, पुरुष-नसबंदीचं ०.३. गर्भपाताला कायद्याने सज्ञान बाईची संमती पुरते, तरी 'नवऱ्याला घेऊन या' म्हणून परत पाठवलेल्या बायका मी पाहिल्यात. आधी तिच्या हातात चार पैसे येऊ देत, मग नकाराचं बोलू.

गोदाकाठ
मी सासू आहे, म्हणून लिहिते. नातू मी सांभाळते म्हणून सुनेची नोकरी टिकली. मग दुसऱ्याचं ठरवताना मला विचारायचंच नाही? राबायचं आम्ही आणि मत मात्र परक्याचं, हा कुठला न्याय?

रानजाई
काकू, सांभाळणार का, किती वर्षं, हे तुम्हाला विचारायलाच हवं. तिथे तुमचा नकारही चालला पाहिजे. पण 'व्हायलाच हवं' हा आग्रह नको. तुमचे गुडघे धरले की रजा कोण टाकतं? आमच्या ऑफिसात तरी सुनाच टाकतात.