आधी कोबा की आधी सोलर?

सोसायटीचा ग्रुप, कोथरूड. दोन विंग, २४ फ्लॅट, इमारत २००६ ची. फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा.

बी-२०२ (सेक्रेटरी) : नमस्कार मंडळी. गच्चीवर २० किलोवॅटचं सोलर बसवायचं गेल्या सभेत ठरलं होतं. सोलरवाला मार्चअखेर काम सुरू करायला तयार आहे. पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामाईक विजेसाठी किलोवॅटला १८ हजार अनुदान मिळतं, म्हणजे आपल्याला ३ लाख ६० हजार. कुणाची हरकत असेल तर आजच सांगा.

बी-३०४ : हरकत कसली! लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे, सगळं त्यावर चालेल. उरकून टाका सेक्रेटरीसाहेब.

ए-३०१ : माझी हरकत आहे. सोलरला नाही, घाईला आहे. बेडरूमच्या छताचा फोटो टाकते. गणपतीत बशीएवढा डाग होता, आता परातीएवढा झालाय. कडेने पांढरा लोणा फुटलाय. काल रात्री पोपडा पडला तो थेट मुलाच्या अंथरुणावर. तो आजोळी गेला होता म्हणून निभावलं. पोपडा पडला तिथे सळई उघडी झाली आहे. बोटाने चोळली तर खारीसारखे पापुद्रे सुटतात. गच्चीचं काही केल्याशिवाय वर पॅनेल ठेवू नका, हात जोडून सांगते.

बी-३०४ : ताई, फोटो बघून धस्स झालं. पण स्लॅब पन्नास-साठ वर्षं टिकतो ना? आपल्याला अजून वीससुद्धा झाली नाहीत नीट.

ए-१०२ : स्लॅब टिकतो, पण कोरडा राहिला तर. मी ३५ वर्षं साइटवर काढली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो. लांबलं तरी वाचा.
सळईच्या खाली काँक्रीटचं जेमतेम २० मिलिमीटरचं पांघरूण असतं. ताज्या काँक्रीटमध्ये चुन्याचा अंश भरपूर, त्यामुळे सळईला गंज धरत नाही. वर्षानुवर्षं हवा आणि ओल आत जात राहिली की तो गुण कमी होतो आणि गंज चढायला लागतो. गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून जास्त जागा घेतो. आत जागा नसते, मग तो खालचं पांघरूण ढकलून पाडतो. ताईंच्या मुलाच्या अंथरुणावर पडलं ते हेच. वरवर प्लास्टर मारून रंग दिला तर वर्षभरात पुन्हा पडेल, कारण गंज तसाच असेल.
आता पाणी कोण अडवतं? स्लॅब नाही, त्याच्यावरचा कोबा. विटांचे तुकडे सिमेंटच्या मसाल्यात बसवायचे, त्यांनाच पन्हळीकडे उतार द्यायचा, कठड्याशी गोल वाटा (कोपऱ्याला गोलाई) घ्यायचा, वर घोटाई करून दोरीने चौकटी पाडायच्या. पुण्यात तीन-चार इंचाचा कोबा सगळीकडे सापडेल. चांगला झाला असेल तर १५ ते २० वर्षं जातात. एप्रिलच्या उन्हात तापतो, वळवाच्या पावसात एकदम गार पडतो, असं करत करत बारीक भेगा पडतात. आपला कोबा २००६ चा आहे. स्लॅब तरुण आहे, कोब्याचं आयुष्य सरत आलं आहे.

बी-१०१ (आजी) : खरं आहे हो. आमच्या लहानपणी वाड्याला कौलं होती. आधी नळीची, मग वडिलांनी मंगलोरी घातली. मे महिन्यात शाकारणी ठरलेली. गडी वर चढायचा, कौलं उतरवून झाडायचा, फुटकी काढून नवी घालायचा, आणि आई खालून ओरडून सांगायची कुठे उजेड दिसतोय ते. माकडांनी उच्छाद मांडला की पुन्हा एकदा. मंगलोरी कौल सहज पन्नास-साठ वर्षं जातं, आमची काही तर त्याहून जुनी होती. पण कौलांखालच्या लाकडी पट्ट्या, म्हणजे रिपा, किडायच्या. कौल शाबूत आणि रिप भुसा! रिपा दोनदा बदललेल्या मला आठवतात. पुढे १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं. पाण्याने मातीच्या भिंती विरघळल्या आणि वरचं छप्पर अख्खंच्या अख्खं खाली बसलं. तेव्हा मी सात वर्षांची होते. ढिगाऱ्यातून वडिलांनी कौलं वेचून काढली होती. बरीचशी धड निघाली.

ए-२०३ : आजी, काटा आला अंगावर.
आमच्या बार्शीकडे माळवद असतं. लाकडी तुळयांवर फळ्या, त्यावर पांढऱ्या मातीचा थर. उन्हाळ्यात घर गार. पण दर वर्षी पावसाआधी वर नवी माती टाकून चोपायची, गवत उगवलं की उपटायचं. एक वर्ष चुकलं की गळायला लागतं. आजोबांचं माळवद त्यांच्या वडिलांच्या काळापासूनचं होतं. काका पुण्यात आले, दोन पावसाळे वर कुणी चढलं नाही, आणि तुळईच कुजली.

ए-१०२ : आजी आणि तुम्ही दोघांनी नेमकं सांगितलंत. छप्पर त्यातल्या सगळ्यात दुबळ्या भागाइतकंच जगतं. कौलाला रिप दगा देते, स्लॅबला कोबा. पत्र्याचंही तेच. रंगीत पत्रा चांगल्या जाडीचा असेल तर २०-२५ वर्षं जातो, पण स्क्रूखालचं रबराचं वायसर आठ-दहा वर्षांत तडकतं आणि पाणी तिथूनच शिरतं. लोक पत्रा बदलायला निघतात, खरं तर वायसर बदलायचं असतं.

बी-३०२ : मग पत्राच टाकू ना गच्चीवर. शेजारच्या सोसायटीने टाकलाय. कोब्याची कटकटच नको. पत्र्यावरच सोलर.

ए-१०२ : पत्रा वाईट नाही, पण महापालिकेची परवानगी घेऊनच. लोखंडी खांबांचे पाय कुठे टेकवायचे ते स्ट्रक्चरल इंजिनिअरने दाखवायचं. वाऱ्याला पत्रा खालून उचलला जातो, त्यामुळे नुसतं वजन बघून भागत नाही. आणि खालचा कोबा स्लॅबपासून सुटून पोकळ झाला असेल तर तो पोकळच राहणार. तिरपा पाऊस कठड्यावरून आत येतोच. मी स्वतः पत्रा घालणार नाही. गच्ची गेली की संध्याकाळी आजी लोकांनी बसायचं कुठे?

बी-१०१ (आजी) : आणि माझे साबुदाण्याचे पापड?

बी-२०२ (सेक्रेटरी) : आपली गच्ची ५,६०० चौरस फूट आहे. चौकशी केली होती, दोन प्रकारचे दर आले. एक, आहे त्या कोब्यावर भेगा भरून पांढरं कोटिंग, चौरस फुटाला ४० रुपये, एकूण २ लाख २४ हजार. दोन, जुना कोबा फोडून, राडारोडा उतरवून नवा कोबा, २१० रुपये, एकूण ११ लाख ७६ हजार. आकडा बघूनच मी कोटिंगकडे झुकलो होतो, प्रामाणिकपणे सांगतो.

ए-३०३ : ११ लाख! तीन मजल्यांत गळती फक्त वरच्यांकडे आहे. खालच्यांनी का भरायचं?

बी-२०२ (सेक्रेटरी) : आदर्श उपविधींप्रमाणे (सोसायट्यांच्या नमुना नियमांप्रमाणे) पावसाच्या पाण्याची गळती हा सोसायटीचा खर्च आहे. गच्ची सगळ्यांची आहे. दुरुस्ती निधी आणि सिंकिंग फंड (मोठ्या दुरुस्त्यांसाठी साठवलेला निधी) आपण त्याचसाठी दर वर्षी काढतो. तुम्ही स्वतः वरच्याच मजल्यावर आहात, तुमच्याही फायद्याचंच आहे हे.

ए-३०३ : ठीक आहे, तो नियम मला माहीत नव्हता. पण कोटिंग पाचपट स्वस्त आहे, ते का नको?

ए-१०२ : हिशेब मांडतो. कोटिंग घरटी ९,३३३ रुपये. साधं ॲक्रिलिकचं असेल तर ३ ते ५ वर्षं, चार धरा. वर्षाला २,३३३. नवा कोबा घरटी ४९,०००. १८ वर्षं धरा, वर्षाला २,७२२. म्हणजे फरक वर्षाला सुमारे ३९० रुपये. शिवाय सोलर बसल्यावर दर चार वर्षांनी पॅनेलच्या खाली वाकून कोटिंग कोण करणार? पॅनेल २५ वर्षं चालतात. त्यांच्याखाली संपत आलेला कोबा ठेवला तर पाचेक वर्षांत स्टँड उतरवून पुन्हा चढवायला लागेल. तो खर्च आज कोणत्याच कोटेशनमध्ये नाही.
कोटिंग मुळात वाईट नाही. कोबा खाली घट्ट धरून असेल तर ऊन परतवतं, वरच्या मजल्याला उकाडा कमी होतो. पण पोकळ कोब्यावर ते म्हणजे नुसता रंग.

ए-३०१ : २०१८ ला आपण कोटिंग केलं होतं ना? दहा वर्षांची गॅरंटी लिहून दिली होती. चौथ्या पावसाळ्यात गळायला लागलं तेव्हा त्यांचा फोन बंद. मी महिनाभर रोज लावत होते.

बी-२०२ (सेक्रेटरी) : हो ताई. ते काम माझ्याच काळात झालं. काम देताना मी कोबा ठोकून बघितला नव्हता.

ए-३०४ : डांबराची शीट? माझ्या भावाच्या सोसायटीत वाकडला केली.

ए-१०२ : उघड्यावर ८ ते १० वर्षं. सांधे गॅसने नीट चिकटवायला हवेत, आणि त्यावर खुर्च्या ओढल्या, पापड वाळवले, मुलं खेळली की फाटते. वापराच्या गच्चीला माझं मन होत नाही. आपल्याला कोबाच. वर चिनी मोझॅक, म्हणजे फरशीचे पांढरे तुकडे बसवले तर आणखी चांगलं, त्यांनी ऊन परततं. ओलं झालं की घसरतं मात्र, म्हणून टाकीकडे जायची वाट खरखरीत ठेवायची.

बी-३०२ : मग जुना फोडायचाच कशाला? त्यावरच नवा घालू. राडारोड्याचे पैसे वाचतील.

ए-१०२ : नका, नका. हे सगळ्यात धोक्याचं. चार इंच कोबा चौरस फुटाला सुमारे १८ किलो भरतो. आपल्या दोन्ही गच्च्या मिळून जवळपास १०० टन. तेवढं वजन स्लॅबवर आजच आहे आणि तेवढंच धरून डिझाइन केलेलं असतं. वर दुसरा थर म्हणजे आणखी १०० टन, आणि तेही सळया गंजलेल्या स्लॅबवर. पुण्यात जुन्या इमारतींवर मी तीन-तीन थर चढलेले पाहिलेत. फोडताना ब्रेकर मशीन लावू द्यायचं नाही, छिन्नी-हातोडीने काढायचा, नाहीतर स्लॅबला हादरे बसतात. फोडलेला माल एका जागी ढीग करून ठेवायचा नाही, रोजच्या रोज खाली.

बी-३०४ : काका, एक विचारतो. सोलरवाला म्हणाला होता की ड्रिल मारून स्टँडचे पाय बसवतो, अर्ध्या दिवसाचं काम.

ए-१०२ : ४० पाय म्हणजे चार-चार बोल्ट धरून १६० भोकं. सगळी वॉटरप्रूफिंगमधून आरपार. तुम्हीच सांगा.

बी-३०४ : समजलं. मी घाई करत होतो, माफ करा ताई. पण एप्रिल-मेमध्ये होईल का सगळं? जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस दारात.

ए-१०२ : मार्चमध्ये ठरलं तर होतं. आधी एक विंग, मग दुसरी. फोडणं, गंजलेल्या जागांची दुरुस्ती, कोबा, मग निदान सात-आठ दिवस पाणी मारायचं आणि पन्हळी बंद करून तीन दिवस पाणी उभं करून बघायचं. खाली छताला ओल दिसली नाही तरच शेवटचा हप्ता. ही अट करारात लिहा, तोंडी नको. आणि इमारत १५ ते ३० वर्षांची असेल तर उपविधींत दर पाच वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट (इमारतीच्या मजबुतीची तपासणी) सांगितलं आहे. आपलं राहिलंय. ताईंच्या सळईसकट ते आधी करून घ्या.

बी-२०२ (सेक्रेटरी) : ऑडिटसाठी सोमवारीच पत्र देतो. रविवारी सकाळी आठला सगळे गच्चीवर या. काका हातोडी घेऊन कोबा ठोकून दाखवतील.

ए-२०३ : खडू मी आणतो.

[रविवार]

बी-२०२ (सेक्रेटरी) : जे आले नाहीत त्यांच्यासाठी. घट्ट जागेवर हातोडी टणटण वाजते, पोकळ जागेवर भदभद. बी विंगवर सहा जागा पोकळ. ए विंगवर टाकीपासून ताईंच्या बेडरूमच्या वरपर्यंत सलग सगळा पट्टा पोकळ, खडू संपला. दोन पन्हळींच्या जाळ्या पिसं आणि पानांनी गच्च होत्या, आजच काढल्या. कठड्याच्या कोपऱ्यात वीतभर पिंपळ उगवलाय. तो वरवर उपटला तर मूळ आत राहील, म्हणून काका म्हणाले कोबा फोडताना मुळासकट काढू. विशेष सभेची नोटीस उद्या लावतो.

ए-३०१ : आज पहिल्यांदा सगळ्यांनी माझ्या खोलीत येऊन वर बघितलं. बरं वाटलं. मुलाला हॉलमध्ये झोपवतेय.

बी-३०४ : सोलरवाल्याशी बोललो. नोव्हेंबरची तारीख देतोय. काका म्हणाले तसं, कोबा निघाल्यावर उघड्या स्लॅबवरच स्टँडसाठी काँक्रीटचे ठोकळे ओतायचे आणि कोबा त्यांच्याभोवती वाटा घेऊन चढवायचा, म्हणजे नंतर ड्रिल नाही. पायांच्या जागांचा नकाशा शुक्रवारपर्यंत पाठवायला सांगितलाय. आला की आधी ऑडिटवाल्यांना दाखवतो.