ऑफिस इंटेरियरचं पहिलं मोठं काम, ॲडव्हान्स फक्त १० टक्के. घ्यावं का?

बाणेरकर:
नमस्कार मंडळी. पुण्यात एका फिट-आउट (ऑफिसचं आतलं काम करून देणाऱ्या) कंपनीत बरीच वर्षं साइट इनचार्ज होतो, आता स्वतःची प्रोप्रायटरशिप आहे. आजवर फ्लॅट, दवाखाने, एखादं सलून अशी कामं केली. मालक रोज समोर असायचा, त्यामुळे पैसे अडले नाहीत. आता बाणेरला ४,००० चौरस फुटांचं ऑफिस जवळजवळ हातात आलंय. साधारण ७२ लाख अधिक जीएसटी. पार्टिशन, जिप्सम सीलिंग, इलेक्ट्रिकल, एसी, कार्पेट टाइल्स, फर्निचर, सगळं माझ्याकडे. ऑफिसवाल्या कंपनीच्या अटी: १० टक्के ॲडव्हान्स, महिन्याला एक आरए बिल (झालेल्या कामापुरतं चालू बिल), बिल पास झाल्यावर ४५ दिवसांनी पेमेंट, ५ टक्के रिटेन्शन म्हणून वर्षभर राखून ठेवणार. काम ६० दिवसांत द्यायचं. सुतारांची टोळी भरवशाची आहे, टिंबर मार्केटमध्ये थोडी उधारीही मिळते. घ्यावं का? घ्यायचं तर कशावर अडून बसू?

सुतारपक्षी:
काम घ्या, या अटींवर घेऊ नका. तारखा मांडून बघा. पहिलं आरए बिल तिसाव्या दिवशी. आर्किटेक्ट आणि पीएमसी (कंपनीने नेमलेले प्रोजेक्ट सल्लागार) ते तपासायला आठवडा घेणार. पुढे ४५ दिवस. म्हणजे पहिल्या बिलाचा पैसा ८०-८२ व्या दिवशी, आणि चावी तुम्ही साठाव्या दिवशीच देऊन बसलेले. ७ लाख २० हजार सोडले तर अख्खं ऑफिस तुमच्या खिशातून उभं राहणार.

प्लायवाला महिनाभर थांबेल. सुतार शनिवारच्या खर्चीला थांबत नाहीत, आणि एसीवाला मशीन गाडीत चढवायच्या आधी पैसे मागतो.

माझ्या मते पहिली मागणी ही: एसी, कार्पेट टाइल्स, खुर्च्या कंपनीने थेट विकत घ्याव्यात. तुम्ही फक्त समन्वयाचे टक्के लावायचे. मार्जिन कमी होईल, पण गुंतवायचा पैसा कितीतरी उतरेल. दुसरी, आरए बिल पंधरवड्याला, आणि साइटवर उतरलेल्या मालाचे ७० टक्के त्याच बिलात. ॲडव्हान्स ३० मागा, २५ वर या. त्यावर बँक गॅरंटी मागतील. बँक त्यासाठी एफडी अडकवते, तेवढा ॲडव्हान्स हातात आलाच नाही असं समजून चाला.

कोथरूडचा_काका:
इतकं घाबरवू नका हो पोराला. पहिल्या कॉर्पोरेट कामात नफा बघायचा नसतो. नाव झालं की पुढची कामं आपोआप येतात.

सुतारपक्षी:
काका, १२ टक्के सुटले असं धरलं तरी ८ लाख ६४ हजार होतात. त्यातले ३ लाख ६० हजार रिटेन्शन म्हणून वर्षभर त्यांच्याकडेच. नाव होईल, पण टोळीला उचल कशातून देणार?

हिशेबनीस:
जीएसटीचं कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. वर्क्स कॉन्ट्रॅक्ट (माल आणि मजुरी मिळून घेतलेला ठेका) ही सेवा धरतात, त्यामुळे ॲडव्हान्स आला की त्यावरही कर लागतो. बिल फाडलं की पुढच्या महिन्याच्या २० तारखेपर्यंत कर भरायचा, कंपनीने पैसे दिलेले असोत वा नसोत. ७२ लाखांवर १८ टक्के म्हणजे १२ लाख ९६ हजार. प्लाय, लॅमिनेट, वायरच्या खरेदीवर भरलेल्या कराचं क्रेडिट (वजावट) मिळेल, पण नोंदणी नसलेल्या मजुरांच्या मजुरीवर काहीच मिळत नाही. म्हणून आधी प्रोफॉर्मा (कच्चं बिल) आणि मोजमाप पास झाल्यावरच टॅक्स इनव्हॉइस, हे वर्क ऑर्डरमध्ये लिहून घ्या. टीडीएस प्रोप्रायटरला १ टक्का. जीएसटी वेगळा दाखवला असेल तर तो मूळ रकमेवरच कापतात.

उद्यम नोंदणी (सूक्ष्म-लघु उद्योग म्हणून सरकारी नोंदणी) नसेल तर करून टाका, फुकट आहे. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचं पेमेंट ४५ दिवसांच्या आत करायला हवं असं एमएसएमई कायदा म्हणतो, हा मुद्दा वाटाघाटीत कामी येतो. मात्र वर्क्स कॉन्ट्रॅक्टला तो कायदा लागतो का यावर कोर्टात वाद झालेत, तेव्हा त्याच्या जिवावर काम उचलू नका.

रेखांकन:
मी आर्किटेक्ट, म्हणजे तुमचं बिल कापणारी बाई. सर्वात जास्त भांडणं मोजमापावरून होतात. स्टोरेज फ्रंट एरियावर मोजायचं की आतले कप्पे धरून? ७ बाय ८ फुटांचं कपाट फ्रंटवर ५६ चौरस फूट भरतं. आत ड्रॉवर दोन असोत की आठ, आकडा तोच. सीलिंगमध्ये कोव्हची (लाइट लपवायच्या खाचेची) उभी पट्टी रनिंग फुटात वेगळी की सपाट क्षेत्रातच? हे बीओक्यूच्या (कामाच्या बाबी, प्रमाण आणि दरांच्या यादीच्या) प्रत्येक ओळीत लिहून घ्या. प्लायसमोर नुसतं ‘वॉटरप्रूफ’ लिहू नका. पँट्रीला आयएस ७१० (मरीन प्लाय), बाकी ठिकाणी आयएस ३०३ (सर्वसाधारण वापराचा प्लाय), असं लिहा.

आणखी एक. इमारतीच्या मॅनेजमेंटला आधी भेटा. बऱ्याच आयटी पार्कात स्प्रिंकलर आणि फायर अलार्मला त्यांचाच ठेकेदार हात लावतो, आणि दर तो सांगेल तो. सीलिंगचं ड्रॉइंग बदललं की स्प्रिंकलर सरकवावे लागतात, त्याचा खर्च कोणाचा? ठोकाठोकी रात्रीच करायची का, सर्व्हिस लिफ्ट किती वेळ मिळेल, राडारोडा कुठे टाकायचा, वेल्डिंगला हॉट वर्क परमिट कोण देणार? रात्रीच काम असेल तर ६० दिवसांचं गणित बसत नाही.

मालाडकर:
+१. आणि मुदतीत दिवाळी-छठ येतेय का बघा. टोळी यूपी-बिहारची असेल तर तिकिटं कधीच काढून झालेली असतात.

बाणेरकर:
सगळ्यांचे आभार. काल बैठक झाली. एसी, कार्पेट आणि खुर्च्या ते घेतायत. ॲडव्हान्स बँक गॅरंटीवर २५ टक्के, आरए बिल पंधरवड्याला, पेमेंट २१ दिवसांत. साइटवरच्या मालाचे पैसे द्यायला मात्र साफ नकार. स्प्रिंकलरचं रेखांकनताईंनी म्हटलं तेच निघालं, तो आयटम मी बीओक्यूतून काढून टाकलाय.

सुतारपक्षी:
मग माल एकदम उतरवू नका. आधी पार्टिशन आणि सीलिंगचे सेक्शन, बोर्ड. ते लागून मोजले गेले की मग प्लाय-लॅमिनेट. गोदामाचं भाडं वाचेल ते वेगळंच. आणि वर्क ऑर्डर हातात आल्याशिवाय एकही शीट कापू नका, ‘मेल येतोय’ म्हणाले तरी.