विषय: मिराआ आणि कावीळ

सप्रेम नमस्कार मंडळी,
नऊ वर्षं आमची गाडी चालवणारे ड्रायव्हर मंगळवारी आले तेव्हा त्यांचे डोळे हळदीसारखे पिवळे होते. अन्नावर वासना नाही, लघवी गडद, अंगाला खाज. मला वाटलं, पाणी बाधलं. पण हेपटायटिस ए, बी, सी, ई, काहीच निघालं नाही. दारूला ते शिवत नाहीत. मग डॉक्टरांनी विचारलं, "मिराआ किती?" म्हणजे इथे केनियात तरतरीसाठी चघळतात तो पाला. रोज रात्री दोन जुड्या, शेंगदाणे आणि च्युइंगगमबरोबर. पाल्याने यकृत खरंच बिघडतं का? आपली कॉलेजची मुलंही मोम्बासाला जाताना तो चघळतात, म्हणून सगळ्यांना लिहिते आहे.
— पार्कलँड्सहून

उत्तर: मिराआ आणि कावीळ

ताई, बिघडतं. आपल्या केनियातल्या मेरूचा मिराआ, एम्बूचा मुगुका, इथिओपियातली चाट, येमेनमधला कात, झाड एकच. (आपल्या विड्यातला कात खैराचा, त्याचा याच्याशी संबंध नाही.) तरतरी येते ती ताज्या पाल्यातल्या कॅथिनोन या उत्तेजक द्रव्यामुळे. तोडल्यावर दोनेक दिवसांत ते उतरतं, म्हणून तर केळीच्या पानांत बांधलेला माल घेऊन मेरूच्या गाड्या जिवावर उदार होऊन पळतात.

2010 मध्ये ब्रिटनमधल्या डॉक्टरांनी हा पाला चघळणाऱ्या सहा जणांच्या यकृताला झालेल्या तीव्र इजेची नोंद 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये केली. 2018 मध्ये इथिओपियातल्या हरारच्या रुग्णालयांतल्या अभ्यासात जुनाट यकृतविकार आणि पाला यांचा संबंध दिसला. चघळणं जास्त, तसा धोकाही जास्त. काहींचे रिपोर्ट ऑटोइम्यून हेपटायटिससारखे (शरीराची प्रतिकारशक्तीच यकृतावर उलटते तो आजार) दिसतात. पाला सुटला की बरेच जण सावरतात, पुन्हा धरला की दुखणं उलटतं. म्हणून "थोडा कमी करा" म्हणू नका, पूर्ण बंद.

आणि कृपा करून गावाकडचं काविळीचं औषध देऊ नका. दुखावलेल्या यकृतावर आणखी एक पाला नको. ते बरळू लागले, दिवसा गुंगीत राहिले किंवा हिरड्यांतून रक्त आलं, तर सकाळची वाट न बघता इस्पितळात न्या.
— वेस्टलँड्सहून, निवृत्त पॅथॉलॉजिस्ट

उत्तर: मिराआ आणि कावीळ

काका, मनापासून आभार. काल त्यांच्याशी बसून बोलले. दिवसभर मुलांची शाळा, रात्री आमच्या मालाची मोम्बासा फेरी. झोप येऊ नये म्हणून त्यांनी पाला धरला. ते वेळापत्रक मीच आखलेलं होतं. रात्रीच्या फेऱ्या बंद केल्या, महिन्याची रजा भरपगारी दिली. बिलिरुबिन 14 वरून 9 वर आलं आहे. शनिवारी पुन्हा रक्त तपासायचं आहे, मी सोबत जाणार आहे.
— पार्कलँड्सहून