बॅचलर पार्टी: ११ जण, मोठं शहर, शुक्रवार ते रविवार. आखणी कशी करावी?

काठावर_पास
लग्न अडीच महिन्यांवर आलंय, पार्टीची जबाबदारी माझ्या गळ्यात. नवरदेव धरून ११ जण. शुक्रवारी संध्याकाळी पोचणार, रविवारी दुपारी परत. दोघं पीत नाहीत, एक जण फक्त शनिवारी येणार. ग्रुपवर नुसतं 'करू या, करू या' चाललंय. पैसे कधी गोळा करू? हॉटेल की फ्लॅट? एका दिवसात किती गोष्टी झेपतात?

खिसापाकीट
ग्रुपवर बजेट विचारू नका. चारचौघांत कमी आकडा कोणी सांगत नाही, आणि मग ऐनवेळी 'ऑफिसचं काम निघालं' सुरू होतं. प्रत्येकाला वेगळा मेसेज करा: जास्तीत जास्त किती झेपेल? आलेल्या आकड्यांतला सर्वांत लहान तीच मर्यादा. सरासरी काढलीत तर दोन-तीन जण गळलेच म्हणून समजा.

नवरदेवाचा खर्च बाकीच्यांनी वाटून घ्यायचा असेल तर ११चा खर्च १० जण भरणार, म्हणजे प्रत्येकाचा वाटा बरोबर १० टक्क्यांनी वाढतो. हे पहिल्याच दिवशी सांगा. वर १५ टक्के फुटकळ खर्चासाठी धरा, उरले तर परत करता येतात. शनिवारी येणाऱ्याने मुक्कामाचा पूर्ण वाटा भरायचा, कारण शुक्रवारी पलंग रिकामा राहिला तरी भाडं चुकत नाही. शुक्रवारच्या जेवणाचा मात्र त्याच्याकडून घेऊ नका.

बुकिंगच्या आधी निम्मे पैसे हातात हवेत. 'येतो' म्हणणारे मोजू नका, भरलेले मोजा. गळालेल्याला परतावा त्याच्या जागी दुसरा मिळाला तरच, हेही आधीच लिहून टाका. हॉटेलं अनामत म्हणून कार्डावर रक्कम अडवून ठेवतात आणि ती सुटायला काही दिवस लागतात. तेवढी मर्यादा तुमच्या कार्डावर शिल्लक ठेवा, नाहीतर शनिवारी रात्री बिल भरताना कार्ड नाकारलं जाईल.

उंटावरचा_शहाणा
आधी तारीख. लग्नाच्या आदल्या रात्री तर नाहीच, आदल्या आठवड्यातही नको. मुरगळलेला घोटा सुधारायला तीन-चार आठवडे हाताशी असू द्या. (गंमत म्हणून कोणी भुवई उडवली तर चार आठवडेही पुरत नाहीत, ती परत यायला महिने लागतात.)

दुसरं, ११ माणसं हलवणं हेच खरं काम आहे. साध्या टॅक्सीत ४ प्रवासी, म्हणजे ३ गाड्या. एक वेळेवर येते, दुसरी चुकीच्या दाराशी थांबते, तिसरीवाल्यांपैकी एक जण अजून बाथरूममध्ये. अंतर कितीही कमी असो, एका हलण्याला ४० मिनिटं धरा. दिवसात पाच ठिकाणं ठेवलीत तर सव्वातीन तास नुसती ये-जा. म्हणून मुक्काम तिथेच घ्या जिथून रात्रीच्या जागा पायी १५ मिनिटांत आहेत. शहराच्या टोकाला स्वस्तात मिळालेली जागा टॅक्सीभाड्यात महाग पडते, शिवाय रात्री २ वाजता गाडी मिळत नाही ते वेगळंच.

शनिवारी ठरलेल्या गोष्टी दोनच: दुपारी एक खेळ, रात्री जेवण. गो-कार्टिंग असेल तर ते दुपारीच. तोंडाला वास आला तर आत घेत नाहीत, आणि पायात बंद बूट लागतात. सॅंडलवाला एक जण निघतोच. एस्केप रूम (कोडी सोडवून, कुलपं उघडून बंद खोलीतून बाहेर पडायचा खेळ) असेल तर ११ जणांना एकत्र कोंबू नका, मागच्या पाच जणांना कुलूप दिसतसुद्धा नाही. ६ आणि ५ अशा दोन टोळ्या करून एकाच वेळी दोन खोल्या घ्या. संध्याकाळी ५ ते ७ काहीही ठेवू नका. आंघोळ, झोप, फोन चार्ज. हे दोन तास कापले की लोक रात्री १०लाच जांभया देतात.

जेवणाचं टेबल घेताना चार गोष्टी विचारा: टेबल किती मिनिटं राखतात, किती वेळासाठी देतात, मोठ्या गटाला ठरावीक मेनूच घ्यावा लागतो का, आणि दारूचं बिल वेगळं करतात का. शेवटचं न पिणाऱ्या दोघांसाठी. त्यांना फुकटचे ड्रायव्हर आणि रखवालदार समजू नका.

क्लबचं म्हणाल तर ११ पुरुषांचा घोळका दारावरून परत पाठवला जाण्याची शक्यता बरीच असते. आधी टेबल बुक करा, नाहीतर सरळ खासगी कराओके खोली घ्या. गाण्यामागे साडेचार मिनिटं धरली तर दोन तासांत २६ गाणी, प्रत्येकाला दोन तरी मिळतात.

चावी_कुठंय
मुक्कामाबद्दल: फ्लॅट घेतलात तर पलंगांआधी बाथरूम मोजा. ११ जणांना एक बाथरूम म्हणजे प्रत्येकी २० मिनिटं धरून पावणेचार तास. तीन तरी हवीत. दुसरं, एअरबीएनबीने (लोकांची घरं मुक्कामाला भाड्याने देणारी साइट) २०२० पासून पार्ट्यांना बंदी घातली आहे आणि २०२२ मध्ये ती कायमची केली. 'कौटुंबिक सहल' म्हणून बुक करून रात्री स्पीकर लावलात तर मध्यरात्री सामानासकट बाहेर. हॉटेलात एकाच मजल्यावर खोल्या मागा. माझं मत हॉटेल: एकाला लवकर झोपायचं असेल तर त्याला दार लावून घेता येतं.

रात्रपाळी
रविवारी कोण गाडी चालवणार हे शनिवारी रात्री आठच्या आत ठरवा. रक्तातलं अल्कोहोल तासाला साधारण ०.०१५ टक्के उतरतं. रात्री २ वाजता ०.१२ असेल तर शून्यावर यायला सकाळचे १० वाजतात. कॉफी किंवा थंड पाण्याची आंघोळ यांनी माणूस जागा होतो, अल्कोहोल उतरत नाही.

कोणी आडवा झाला तर 'झोपू दे, उतरेल' म्हणून खोलीत एकटा सोडू नका. पोटातली दारू झोपेतही रक्तात जात राहते. कुशीवर झोपवा, म्हणजे उलटी झाली तर घशात अडकणार नाही. हलवूनही जागा होत नसेल, श्वास मिनिटाला ८ पेक्षा कमी असेल, दोन श्वासांत १० सेकंदांहून जास्त अंतर पडत असेल किंवा ओठ निळसर दिसत असतील तर थेट रुग्णवाहिका बोलवा.

काठावर_पास
मनापासून धन्यवाद. हॉटेल आणि कराओके नक्की. नवरदेवाला सरप्राइज द्यावं का?

उंटावरचा_शहाणा
जागेचं द्या, प्रकाराचं नको. काय अजिबात चालणार नाही अशा तीन गोष्टी त्याच्याकडूनच आधी विचारून घ्या. फोटो त्याने बघितल्याशिवाय कोणी कुठे टाकायचे नाहीत, हेही शुक्रवारीच बजावा. आणि हॉटेलचा पत्ता सगळ्यांना कागदावर लिहून द्या, रात्री १ नंतर निम्मे फोन बंद पडलेले असतात.