समोरून येणाऱ्या अनोळखी माणसाला तुम्ही काय म्हणता?

सकाळी फिरायला निघाल्यावर समोरून येणाऱ्या अनोळखी माणसाला काय म्हणायचे, की काहीच म्हणायचे नाही, याचे निरनिराळ्या मुलखांतील अनुभव येथे लिहावेत, अशी विनंती आहे. सुरुवात मीच करतो. ओहायोतील पहिल्याच आठवड्यात कुत्र्याला घेऊन निघालेल्या एका गृहस्थांनी ‘हाऊ आर यू डुइंग?’ असे विचारले, तेव्हा मी थांबून, प्रवासामुळे झोपेचे कसे खोबरे झाले आहे ते सविस्तर सांगू लागलो. माझे दुसरे वाक्य संपेपर्यंत ते तीन घरे पुढे गेले होते. त्या प्रश्नाला ‘गुड, यू?’ एवढेच उत्तर पुरते आणि तेही चालता चालता द्यायचे असते.

पहिला प्रतिसाद: म्युनिकमध्ये चार वर्षे काढल्यामुळे ‘ग्र्युस गॉट’ माझ्या तोंडात बसले होते. त्यात देवाचे नाव असल्याने आपल्या रामरामासारखेच ते मला वाटे. पुढे उत्तर जर्मनीत हँबुर्गला आल्यावर शेजारच्या आजींना तेच म्हटले, तर त्या हसल्या आणि ‘मॉइन’ म्हणाल्या. तो शब्द ऐकायला ‘मॉर्गन’च्या, म्हणजे ‘सकाळ’ या जर्मन शब्दाच्या जवळचा, म्हणून मी तो सकाळपुरता समजत होते, पण रात्री नऊ वाजता कचरा टाकायला उतरले, तेव्हाही जिन्यात ‘मॉइन’च. ‘मॉइन मॉइन’ असे दोनदा म्हणणारा माणूस वाचाळ, असा तिकडचा विनोद आहे. पुणेकर असल्यामुळे मला ही काटकसर आवडली, हे कबूल करते.

दुसरा प्रतिसाद: तोक्योत आमच्या गल्लीत कोणी मान वर करीत नाही. मात्र 599 मीटर उंचीच्या ताकाओ डोंगराच्या आडवाटेवर तशीच अबोल माणसे ‘कोन्निचिवा’ म्हणत बाजूला होऊन वाट देतात. खाली स्टेशनात पाऊल टाकले की पुन्हा सामसूम.

तिसरा प्रतिसाद: ओहायोचा अनुभव वाचून हसू आले, कारण मी नेमका उलट चुकलो. अनेक वर्षांनी वाई तालुक्यातील आमच्या गावी गेलो असता परदेशातील सवयीने प्रत्येकाकडे पाहून हसत, ‘नमस्कार’ म्हणत भराभर पुढे जात होतो. पारावरच्या एका आजोबांनी हटकले, ‘रामराम. कुनाचं म्हनायचं?’ तेथे न थांबणे हाच उद्धटपणा होता. वडिलांचे नाव सांगितले, आळी सांगितली, तरी त्यांची खात्री पटेना. अखेर आजोळ सांगितल्यावर त्यांनी सरकून पारावर जागा केली आणि त्या दिवसाचे फिरणे तेथेच संपले.