शनिवारच्या तिसऱ्या: पार्कात एकशिपी नको

भोजन समितीस,
शनिवारच्या पदार्थांच्या यादीत "तिसऱ्या एकशिपी, जागेवर" (एकेका शिंपीत मांस ठेवून वर वाटण) असं लिहिलंय. म्हणजे कच्च्या तिसऱ्या पार्कात विळीवर उघडणार का? जुलैत ते नको. वॉशिंग्टन राज्यातल्या हूड कॅनॉल खाडीत ओहोटीला शिंपल्या तासन्‌तास उन्हात पडून असतात आणि व्हिब्रिओ पॅराहिमोलिटिकस हा जुलाब लावणारा जंतू आतल्या आत वाढतो. वास, रंग, चव काहीही बदलत नाही. २०२१ मध्ये जूनअखेरची उष्णतेची लाट आणि दिवसाची मोठी ओहोटी एकत्र आली, तेव्हा वॉशिंग्टनमध्ये व्हिब्रिओच्या रुग्णांनी जुलैचा उच्चांक गाठला होता.
– मिलिंद

मिलिंद, यादी एप्रिलच्या बैठकीत ठरली, तेव्हा कुणीच हरकत घेतली नाही. उकडून घेतल्या तर रस पाण्यात जातो आणि वाटण शिंपीला धरत नाही. शिवाय वाटणात कोकमाचं आंबट आगळ भरपूर असतं, तव्यावर झाकण ठेवून वाफही काढतो. मग अडचण नेमकी कुठे आहे?
– शुभा

शुभा, आगळाने व्हिब्रिओ मरतो असं धरून चालू नकोस. लिंबू, व्हिनेगर, तिखट, कशावरच भरवसा ठेवता येत नाही. फ्रीझरमध्ये संख्या घटते, पण संपत नाही. मारते ती उष्णता: मांसाच्या आत १४५ फॅरनहाइट, किमान १५ सेकंद. अख्खी शिंपली उकडताना उघडते ती आपली खूण, आणि त्यानंतर आणखी ३ ते ५ मिनिटं उकळायचं. विळीवर आधीच उघडलीस की ही खूण गेली. त्यात पार्कातल्या शेगडीवर तवा भरून रचल्या की मधल्या कच्च्या राहतात.

रस जाऊ नये म्हणून पाणी अगदी तळापुरतं घाल, घट्ट झाकण लाव, एका वेळी एकच थर. सुटलेलं पाणी फडक्यातून गाळ म्हणजे वाळू राहील, आणि त्यातच वाटण शिजव. मग रिकामी शिंप काढून टाक आणि मांस असलेल्या शिंपीत वाटण भर. एकशिपीच होईल. न उघडलेल्या फेकून द्यायच्या.

१९९७ मध्ये कॅलिफोर्नियापासून ब्रिटिश कोलंबियापर्यंत २०९ जण आजारी पडले आणि एक दगावला. त्यामागे कच्चे कालवच होते.
– अण्णा

अण्णा, विळीचं अजून कुणीच बोललं नाही. कच्च्या तिसऱ्यांचं पाणी विळीवरून, परातीवरून काकडीत गेलं की कोशिंबिरीला पुढे आच लागतच नाही. शाकाहारी टेबल वेगळं मांडून उपयोग नाही, विळीच वेगळी हवी. कोशिंबीर आमच्या गटाकडे आहे, ती आम्ही घरूनच चिरून आणू. शिजलेल्या तिसऱ्याही कच्च्याच्या परातीत परत टाकू नका.
– सुनंदा

वहिनी, विळीचं पटलं. पण बंगड्याकडे कोण बघतंय? त्याचं गणित उलटं आहे. बंगडा, सुरमई उबेत राहिली की जंतू माशात हिस्टामिन तयार करतात, आणि ते तळून, उकडून किंवा गोठवून जात नाही. खाल्ल्यावर काही मिनिटांत ते तासाभरात चेहरा लाल, डोकं ठणकणं, अंगावर पुरळ. मसाला लावून डबा गाडीत ठेवू नका. मुरवायचं ते फ्रिजमध्येच, तिथून थेट बर्फावर.
– प्रकाश

शुभाताई, उकडून करणार असाल तर माझी हरकत नाही. कूलर दोन लागतील. बंगडा-कोळंबी बंद डब्यात, खाली-वर बर्फ, ४० फॅरनहाइटच्या खाली. तिसऱ्या मात्र बंद पिशवीत नको आणि वितळलेल्या पाण्यात बुडवूनही नको, दोन्हीत मरतात. बर्फावर जाळी, त्यावर तिसऱ्या, वरून ओलं फडकं, कूलरची तोटी उघडी. तोंड वासलेली शिंपली टिचकी मारल्यावर मिटली नाही तर टाकून द्या. काढायला जाणाऱ्यांनो, माणशी ४० ची मर्यादा आहे आणि प्रत्येकाची पिशवी वेगळी लागते. पाणी उतरत असतानाच काढा.

शिजलेलं टेबलावर दोन तास, पारा नव्वदीपुढे गेला तर एकच तास. उरलेलं कुणाला डब्यात बांधून देऊ नका. यकृताचा आजार किंवा मधुमेह असलेल्यांनी कच्च्या तिसऱ्या हाताळू नयेत, हाताला जखम असेल तर नाहीच. नंतर कुणाला जुलाबात रक्त दिसलं किंवा ताप आला तर डॉक्टरांना तिसऱ्या खाल्ल्याचं आधी सांगा, म्हणजे तपासणीत व्हिब्रिओ मुद्दाम शोधतील.

थर्मामीटर कोण आणतंय?
– मिलिंद